चंडीगढची ‘अराइव्ह सेफ’ आणि तिच्या नावावर वाचलेले पब

आपला परवाना कुणामुळे शाबूत राहिला, असं एखाद्या शहरातल्या बारमालकाला विचारलं तर तो उत्पादन शुल्क खात्यातल्या कुठल्यातरी साहेबाचं नाव घेईल, नाहीतर आपल्या वकिलाचं. कागदावरचं उत्तर वेगळं आहे. महामार्गालगतच्या दारूबंदीमुळे मिटलेले पब, बार, परमिट रूम आणि मायक्रोब्रुअरी महापालिका-नगरपालिकांच्या हद्दीत पुन्हा उघडायला वाट झाली ती सर्वोच्च न्यायालयाच्या ११ जुलै २०१७ च्या आदेशाने. त्या आदेशाच्या मथळ्यावर नाव आहे ‘अराइव्ह सेफ सोसायटी ऑफ चंडीगढ’. ही दारूविक्रेत्यांची संघटना नव्हे. महामार्गावरची दारू हटवा म्हणून कोर्टाची पायरी चढलेली, रस्तासुरक्षेसाठी काम करणारी ही संस्था. तिने मागितलं एक, पदरात पडलं दुसरं, आणि या दोन्हींच्या मधल्या काळात देशभरच्या राज्य सरकारांनी आपापल्या रस्त्यांची नावं बदलून टाकली.

संस्थांच्या स्मरणिकेत जिंकलेल्या लढाया मोठ्या टायपात छापतात आणि हरलेल्या गाळतात. इथे तसं करून चालणार नाही, कारण आज देशभर दाखला दिला जातो तो या संस्थेच्या हरलेल्या खटल्याचा.

संस्थेचे संस्थापक हरमन सिद्धू चंडीगढचे. १९९६ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, हिमाचलच्या डोंगरात त्यांच्या मोटारीला अपघात झाला. मणक्याला इजा झाली, रुग्णालयात दीर्घ काळ गेला आणि पुढचं आयुष्य चाकांच्या खुर्चीत आलं. अपघातातून वाचलेला माणूस सहसा आपल्यापुरतं नशिबाला बोल लावतो. सिद्धू यांनी रस्त्याकडे बोट दाखवलं. या शतकाच्या पहिल्या दशकात ‘अराइव्ह सेफ’ उभी राहिली. काम साधंच होतं: अपघातांची माहिती गोळा करायची, लोकांशी बोलायचं, सरकारी कागद वाचायचे आणि त्या कागदांत लिहिलेलं होत नसेल तर न्यायालयात विचारायचं.

त्यातला कागद वाचण्याचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारण महामार्गावर दारू नको, ही कल्पना मुळात या संस्थेची नव्हतीच. १५ जानेवारी २००४ रोजी राष्ट्रीय रस्ता सुरक्षा परिषदेने एकमताने शिफारस केली होती की राष्ट्रीय महामार्गांलगत दारूविक्रीचे परवाने देऊ नयेत. पुढे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २००७, २०११, २०१३ आणि २०१४ अशी चार वेळा राज्यांना तशी पत्रं धाडली. राज्यांनी ती फायलीला लावली. दारू हा राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय, आणि अबकारी उत्पन्न हा राज्याच्या तिजोरीतला असा कप्पा की ज्याला कुठलाही अर्थमंत्री स्वतःहून हात लावत नाही. केंद्र सांगणार, राज्य ऐकल्यासारखं करणार. असं वर्षानुवर्षं चाललं. २०१२ मध्ये ‘अराइव्ह सेफ’ने पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली तेव्हा तिच्या हाती सरकारचीच शिफारस होती.

याचिकेतला एक आकडा पुढे वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षं छापला. पानिपत ते जालंधर या २९१ किलोमीटरच्या राष्ट्रीय महामार्गावर दारूची १८५ दुकानं होती. म्हणजे सरासरी दर दीड किलोमीटरला एक. त्या मुलखात दुकानाला ‘ठेका’ म्हणतात आणि ठेक्याला लागून, पत्र्याच्या आडोशाला बाकडी-खुर्च्या टाकून प्यायला बसायची जी जागा असते तिला ‘अहाता’. उकडलेली अंडी, चणे, तळलेली मासळी आणि बाजूला रांगेने उभे ट्रक. पंजाबातल्या साध्या माणसाचा पब कुठला, असं विचारलं तर उत्तर अहाता हेच आहे. चंडीगढच्या मध्य मार्गावरच्या काचेच्या बारमध्ये त्याला कुणी आत घेत नाही. मात्र हाच अहाता महामार्गावर असला की तिथून उठणारा माणूस थेट चाकामागे बसतो. याचिकेचा रोख तिथे होता. सरसकट दारूबंदी तिने मागितली नव्हती. दुकान महामार्गावरून दिसू नये, महामार्गावरून तिथे पोचता येऊ नये, एवढ्याभोवती तिची मागणी होती. दारूबंदीवाले आणि रस्तासुरक्षावाले हे दोन वेगळे पंथ आहेत. त्यांची सरमिसळ पुढे झाली, आणि संस्थेला ती महागात पडली.

२०१४ मध्ये उच्च न्यायालयाने संस्थेची बाजू मान्य केली. पंजाब आणि हरियाणा सरकारं सर्वोच्च न्यायालयात गेली. तिकडे दक्षिणेत चेन्नईचे वकील के. बालू यांनी तमिळनाडूच्या महामार्गांवरच्या सरकारी दारूदुकानांविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयात अशीच लढाई चालवली होती. तमिळनाडूत किरकोळ विक्री खुद्द सरकारच्या ‘टासमॅक’ महामंडळाकडे असल्याने तिथे आरोपी आणि नियामक एकच. दोन्ही टोकांची अपिलं एकत्र आली आणि खटल्याला नाव पडलं ‘तमिळनाडू राज्य विरुद्ध के. बालू’. चंडीगढच्या संस्थेची चार वर्षांची मेहनत दुसऱ्याच्या नावाखाली गेली. पुढच्या खटल्यात ते उलटं व्हायचं होतं.

१५ डिसेंबर २०१६ रोजी सरन्यायाधीश टी. एस. ठाकूर, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव यांच्या पीठाने निकाल दिला. निकालपत्र चंद्रचूड यांनी लिहिलं. २०१५ साली देशात पाच लाखांवर रस्ते अपघात झाले होते आणि १ लाख ४६ हजारांहून अधिक माणसं मेली होती. त्यात मद्यपानाच्या खाती नोंदलेले अपघात १६,२९८ आणि मृत्यू ६,७५५. नोंदलेले, हे महत्त्वाचं. मेलेल्या चालकाच्या रक्तात काय होतं ते आपल्याकडे दर वेळी तपासतातच असं नाही, आणि विम्याचा प्रश्न असला की ‘मद्यपान’ हा रकाना कोरा ठेवण्यात अनेकांचं हित असतं. आदेश असा झाला: राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांच्या बाहेरच्या कडेपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीचा नवा परवाना नाही, चालू परवाने ३१ मार्च २०१७ पर्यंतच, आणि दारू इथे मिळते असं सांगणारी पाटी वा जाहिरात महामार्गावर नाही.

सुरुवातीला बहुतेकांनी हा आदेश बाटली विकणाऱ्या दुकानांपुरता आहे असं धरलं. ॲटर्नी जनरलांचंही मत तसंच होतं: बार आणि रेस्टॉरंटांना तो लागू नाही. पिणारे, पाजणारे आणि तिजोरी सांभाळणारे, तिघेही निर्धास्त राहिले. ३१ मार्च २०१७ च्या संध्याकाळी, म्हणजे आर्थिक वर्ष संपायला काही तास उरले असताना, नव्या पीठाने खुलासा केला की बाटली विकत घेऊन पिणं आणि बारमध्ये बसून पिणं यांत महामार्गाच्या दृष्टीने फरक नाही. पब, बार, हॉटेलं, सगळी आली. वीस हजारांपेक्षा कमी वस्तीच्या गावांना ५०० ऐवजी २२० मीटर आणि सिक्कीम-मेघालयाला सूट, एवढी सवलत मिळाली. डोंगराळ राज्यात ५०० मीटर बाजूला सरकायचं म्हणजे एकतर कड्यावर चढायचं नाहीतर दरीत उतरायचं, हे न्यायालयालाही पटलं.

१ एप्रिलला शनिवार होता. महाराष्ट्रात हजारो परमिट रूम आणि वाइन शॉप त्या दिवशी उघडली नाहीत. आपल्याकडची बहुतेक तालुक्याची गावं राज्यमार्गाच्या दोन्ही अंगांनी वाढलेली. एसटी स्टँड, बाजार समिती, कोर्ट आणि परमिट रूम सगळं एकाच रस्त्यावर. तिथे ५०० मीटर सोडायचे म्हणजे गावच सोडायचं. मग राज्यांनी रस्त्यांना हात घातला. राजस्थान, उत्तर प्रदेश, उत्तराखंड, पश्चिम बंगाल, महाराष्ट्र, सगळीकडे शहरातून जाणारे राज्यमार्ग कागदावर जिल्हा मार्ग किंवा नगरपालिकेचे रस्ते होऊ लागले. जळगावात हा विषय चांगलाच तापला, कारण रस्ता पालिकेकडे आला की त्याचे खड्डेही पालिकेकडे येतात आणि डांबर पालिकेच्या पैशातून पडतं. दारूची दुकानं वाचवायला आम्ही घरपट्टी का भरायची, हा नागरिकांचा प्रश्न अगदीच गैर नव्हता. पंजाब विधानसभेने जूनमध्ये कायदाच दुरुस्त करून हॉटेल, रेस्टॉरंट आणि क्लबांना अंतराच्या अटीतून वगळलं. केरळात उत्तर परवूरच्या एका बारने सर्वांवर कडी केली: दारासमोरच्या मोकळ्या जागेत भिंतींचा चक्रव्यूह बांधला, म्हणजे गिऱ्हाइकाला चालावं लागणारं अंतर वाढून नियमात बसेल! अंतर सरळ रेषेत मोजायचं की पायवाटेने, हा प्रश्न त्यातून उभा राहिला.

आता चंडीगढ. या प्रश्नावर भांडायला देशात याहून योग्य शहर नव्हतं, कारण रस्त्यांची वर्गवारी हाच ज्याचा पाया आहे असं हे शहर. ल कॉर्बूझिएने इथले रस्ते सात प्रतींत विभागले. व्ही-१ म्हणजे बाहेरगावाहून शहरात येणारे, व्ही-२ म्हणजे मध्य मार्ग, दक्षिण मार्ग, जन मार्ग यांसारखे रुंद राजरस्ते, व्ही-३ सेक्टरच्या कडेने जाणारे जलद रस्ते, व्ही-४ बाजाराचे, आणि असं करत व्ही-७ पर्यंत, म्हणजे हिरवळीतून जाणाऱ्या पायवाटांपर्यंत. सायकलींसाठी व्ही-८ नंतर आला. यात ‘राज्य महामार्ग’ अशी प्रत नाही. पण सरकारी नोंदीत शहरातले काही मोठे रस्ते राज्य महामार्ग म्हणून होते, आणि आदेशाला नोंद कळते, आराखडा कळत नाही.

इथे थोडं गणित करावं. चंडीगढचा प्रमाण सेक्टर १,२०० मीटर लांब आणि ८०० मीटर रुंद. त्याच्या दोन्ही लांब बाजूंना राज्य महामार्ग असेल तर आतला कुठलाही बिंदू जवळच्या रस्त्यापासून ४०० मीटरपेक्षा दूर जाऊच शकत नाही. म्हणजे अशा सेक्टरात ५०० मीटरचा नियम पाळणारी एक खुर्चीसुद्धा मावत नाही. शिवाय नियोजनाने मोठा व्यापार मुद्दाम राजरस्त्यांच्या कडेला बसवलेला. सेक्टर २६ मध्ये मध्य मार्गावर दुकान-कार्यालयांची जी सलग ओळ आहे तिथेच शहरातले बार आणि ताजी बीअर देणारी ठिकाणं गोळा झाली, ती मालकांच्या हौसेने नव्हे. आत घरांमध्ये त्यांना परवानगीच नाही. सरकारने आखून दिलेल्या जागी बसलेल्या माणसाला सरकारच्याच दुसऱ्या नोंदीमुळे उठायला सांगायचं, असा हा पेच होता.

चंडीगढ प्रशासनाने ३१ मार्चची वाट पाहिली नाही. मार्चमध्येच अधिसूचना काढून शहरातले राज्य महामार्ग ‘प्रमुख जिल्हा मार्ग’ केले. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचे, त्यांना हात लावता आला नाही. बाकीचे एका सहीने सुटले. ‘अराइव्ह सेफ’ला यात उघड पळवाट दिसली. डिसेंबरच्या आदेशाची शाई वाळत नाही तोच नाव बदलून त्याला बगल द्यायची, तर मग उद्या प्रत्येक राज्य हेच करील. (केलंच.) संस्थेने अधिसूचनेला उच्च न्यायालयात आव्हान दिलं, ते फेटाळलं गेलं, आणि ती सर्वोच्च न्यायालयात गेली.

तिथे सरन्यायाधीश जगदीशसिंग खेहर आणि न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी जे म्हटलं त्याचा सारांश असा: मूळ आदेशाचा हेतू शहरं, गावं आणि खेडी एकमेकांना जोडणाऱ्या, वेगवान वाहतुकीच्या महामार्गांवर मद्यपी चालक येऊ नये हा होता. शहराच्या आत फिरणारी वाहतूक निराळी. तेव्हा महापालिका क्षेत्रातल्या परवानाधारक ठिकाणांना तो आदेश लागू नाही, आणि चंडीगढच्या अधिसूचनेत बेकायदा काही नाही. आदेश काही पानांचाच. पण त्याने चंडीगढचा प्रश्न सोडवता सोडवता देशातल्या प्रत्येक नगरपालिकेचा सोडवला. अधिसूचना काढायची, रस्ता पालिकेच्या गळ्यात मारायची गरजच संपली. पुण्यात, नाशकात, नागपुरात पालिका हद्दीतल्या परमिट रूम पुन्हा उघडल्या त्या या आदेशावर. संस्था हरली आणि तिच्या नावाचा खटला दारू-परवान्याच्या प्रत्येक वादात प्रतिवादीच्या वकिलाच्या हाती आला.

न्यायालयाचा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. शहरातला माणूस बारमधून उठून रिक्षाने किंवा पायी घरी जाऊ शकतो, हे खरं. पण चंडीगढमध्ये रुंद, सरळ, रात्री मोकळे पडणारे रस्ते आहेत, मेट्रो नाही, आणि मोहाली-पंचकुलाहून गाडी घेऊन बसायला येणारी गर्दी मोठी. तिथला मध्य मार्ग रात्री अकराला ‘शहरातली संथ वाहतूक’ या वर्णनात बसतो असं म्हणणाऱ्याने तो रात्री अकराला पाहावा. उलट पक्षी, ज्या नियमाने आख्ख्या सेक्टरात एकही जागा उरत नाही तो नियम दारूचं अंतर ठरवत नाही, दारूबंदी आणतो; आणि ती संस्थेने मागितली नव्हती. दोन्ही बाजूंना पटेल असा मधला रस्ता होता: रात्रीची बस, नाकाबंदीवर नियमित श्वासतपासणी, बारच्या दारात वाहनतळ देण्याऐवजी टॅक्सी-थांबा. यांपैकी काहीच पाचशे मीटरच्या फितीने मोजता येत नाही, म्हणून बहुधा ते निकालपत्रांत नाही.

आणखी एक गोष्ट निकालपत्रांत दिसत नाही. राज्य सरकारं, परवानाधारक, हॉटेलवाले, सगळे न्यायालयात आले. बोलले ते महसूल, रोजगार, परवान्याची मुदत आणि राज्यांचे अधिकार यांवर. पब ही वस्तीची जागा आहे, ती गेली तर वस्तीचं काही जातं, असं म्हणणारा कुणी नव्हता. असता तरी त्याला उभं राहायला कायदा नव्हता: दारूचा व्यापार हा मूलभूत हक्क नाही हे खोडे डिस्टिलरीजच्या खटल्यापासून पक्कं आहे, आणि घटनेचं ४७ वं कलम राज्याला नशाबंदीकडे जायला सांगतं. महाराष्ट्रात तर १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली पिणाऱ्याच्या खिशातही परवाना लागतो. खोलीला ‘परमिट रूम’ म्हणतात ते त्यामुळेच.

इंग्लंडात पबची बाजू मांडण्याचं काम पिणाऱ्यांनी अंगावर घेतलं. १९७१ मध्ये आयर्लंडच्या पश्चिम टोकाला सुटीवर गेलेल्या चार इंग्रज मित्रांनी ‘कॅम्रा’ ही संघटना काढली. मोठ्या कंपन्या तेव्हा लाकडी वा धातूच्या पिंपात जिवंत राहणारी पारंपरिक एल बंद करून वायू भरलेली, गाळून निर्जीव केलेली बीअर सगळीकडे खपवत होत्या, आणि पुढेपुढे पबच विकून टाकू लागल्या. ‘कॅम्रा’ने सभासद जमवले, चांगल्या पबांची मार्गदर्शिका काढली, बीअरचे मेळे भरवले, खासदारांच्या मागे लागली. २०११ च्या कायद्याने वस्तीला आपला पब ‘सामुदायिक मोलाची मालमत्ता’ म्हणून नोंदवता येऊ लागला. दक्षिण लंडनच्या नन्हेडमधला ‘आयव्ही हाऊस’ असा नोंदवून तिथल्या रहिवाशांनी विकत घेतला. आणि २०१७ च्या मेमध्ये, आपल्याकडे पबचं दार रस्त्यापासून किती मीटर हे मोजलं जात होतं त्याच उन्हाळ्यात, इंग्लंडमध्ये नियोजन-परवानगीशिवाय पब पाडायला वा त्याचं दुकान-घर करायला मनाई झाली. त्यांच्याकडे मद्यपी चालक नाहीत असं नाही. पण तिथे रस्त्याची संघटना वेगळी आणि पबची वेगळी, म्हणून दोन्ही प्रश्न वेगळे मांडले गेले. आपल्याकडे पबचा बचाव रस्तासुरक्षेच्या संस्थेच्या नावावर, रस्त्याच्या वर्गवारीच्या आधारे झाला.

वेगळा मांडायला विषय नव्हता असंही नाही. चंडीगढहून शिमल्याच्या वाटेला लागलं की दोन तासांच्या आत कसौली आणि सोलन येतात. भारतात बीअर बनवण्याचा धंदा रुजला तो या डोंगरात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात, एडवर्ड डायर यांच्या कसौलीच्या कारखान्यापासून. (जालियनवाला बागेतला जनरल डायर याच घरातला, त्यांचा मुलगा.) तिथली ‘लायन’ बीअर गोऱ्या पलटणींनी प्यायली, १९४९ मध्ये हा व्यवसाय नरेंद्रनाथ मोहन यांच्याकडे आला आणि पुढे ‘मोहन मीकिन’ झाला. कालका-शिमला छोट्या गाडीला सोलन ब्रुअरी नावाचं स्टेशन आजही आहे. त्याहून जुनी परंपरा कुल्लू-लाहौलच्या घरांत, धान्य आंबवून केलेल्या लुगडी आणि छांगेची. सेक्टर २६ मधल्या तांब्या-पोलादाच्या टाक्यांत बनणारी ताजी बीअर या वंशातली सर्वांत धाकटी.

मायक्रोब्रुअरीचा मुद्दा तर न्यायालयात स्वतंत्रपणे उभा राहायला हवा होता. ठेका म्हणजे चार कपाटं आणि एक जाळी. टेम्पोत घालून अर्धा किलोमीटर मागे नेता येतो. बीअर जिथे आंबते तिथेच प्यायली जाते अशा जागेला ते शक्य नाही. टाक्या, शीतयंत्रणा, नळ सगळं इमारतीत बसवलेलं. ती बीअर बाटलीत भरून ठेवता येत नाही, काही दिवसांत संपवावीच लागते, आणि तिच्यात अल्कोहोलचं प्रमाण देशी दारूच्या पासंगालाही पुरत नाही. पण अबकारी कायद्याच्या लेखी ठेका, अहाता, पंचतारांकित बार आणि मायक्रोब्रुअरी ही सगळी एकाच गावची माणसं. ५०० मीटरचा आदेश आला तेव्हा चौघांना एकच फीत लागली, आणि सूट आली तेव्हाही चौघांना एकत्रच. म्हणजे ज्या अहात्यांवरून संस्थेने हा सगळा प्रपंच मांडला तेही शहराच्या हद्दीत असतील तर सुटले.

सूट मिळाली ती पालिकांना. ग्रामपंचायतींचं काय, हा प्रश्न सर्वांत जास्त बोचला गोव्याला. गोव्यात एक महापालिका, तेरा नगरपालिका आणि १९१ पंचायती. पणजी-मडगावातले बार सुटले, पण ताव्हेर्न म्हणजे गावातली, घराच्या पुढच्या पडवीतली जागा. काजूच्या हंगामात तिथे हुर्राक मिळतो आणि वर्षभर फेणी. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं होतं, २०१६ मध्ये गोवा विधानसभेने तिला राज्याचं वारसा-पेय ठरवलं होतं. आणि वर्षभरात ती पाजणारी जागा गावातून महामार्ग जातो म्हणून बंद. पेयाला वारशाचा दर्जा आणि पाजणाऱ्या पडवीला टाळं, असा तो मामला. गोव्याच्या व्यापाऱ्यांनी आणि सरकारने तगादा लावला, इतर राज्यंही होती, आणि २३ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवण्याचं काम राज्यांवर सोपवलं: अमुक पंचायत शहराला लागून आहे का, तिथली वस्ती आणि विकास शहरासारखा आहे का, हे राज्याने पाहावं आणि सूट द्यावी. गोवा सरकारने काय पाहिलं असेल ते सांगायला नको.

‘अराइव्ह सेफ’च्या हिशोबात २०१२ साली सुरू झालेली गोष्ट अशा रीतीने पुन्हा राज्यांच्या हाती गेली, ज्यांनी २००४ ची शिफारस फायलीला लावली होती त्यांच्याच. संस्थेच्या पदरात काहीच उरलं नाही असं मात्र म्हणता येणार नाही. शहरांच्या बाहेर, मोकळ्या महामार्गावर ५०० मीटरचा नियम कायम आहे. दारूच्या पाट्यांवरची बंदी कायम आहे. महामार्गाने जाताना दुरूनच चमकणाऱ्या ठेक्याच्या जाहिराती २०१६ पूर्वी ज्याने पाहिल्या त्याला फरक कळतो. आणि पूर्वी जो विषय सरकारी पत्रव्यवहारात पडून होता त्याला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचं बळ मिळालं. ते चंडीगढमधल्या एका लहानशा संस्थेने मिळवलं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे ‘आडवी बाटली’ आठवेल. गावातलं दुकान हवं की नको हे बायकांनी मतदानाने ठरवायचं, चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली. त्या पद्धतीत धाकदपटशा होतो, मतदानाच्या याद्यांचे घोळ होतात, पण निदान प्रश्न ज्यांचा आहे त्यांना विचारला जातो. चंडीगढच्या खटल्यात सेक्टर २६ च्या मागे राहणाऱ्यांना, तिथे बसायला जाणाऱ्यांना किंवा अहात्यावरच्या ट्रकचालकांना कुणी काही विचारलं नाही. संस्था आणि प्रशासन यांच्यात अधिसूचनेचा तेवढा वाद झाला.

पालिकेची हद्द मात्र एका जागी राहत नाही. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावं आली. चंडीगढच्या उरलेल्या तेरा गावांचा कारभारही २०१९ च्या सुरुवातीला महापालिकेकडे गेला. याचा अर्थ त्या केंद्रशासित प्रदेशात आता ग्रामपंचायतीचं गावच उरलेलं नाही. मूळ आदेश तिथे लावायचा तर लावायला जागा नाही. आणि संस्थेच्या याचिकेतला तो पानिपत ते जालंधर रस्ता पानिपत, कर्नाल, अंबाला, लुधियाना आणि जालंधर यांसारख्या महापालिकांमधून जातो. त्यांच्या सीमेच्या आतल्या ठेक्यांना सूट, बाहेरच्यांना पाचशे मीटर. आणि ही शहरं हमरस्त्याच्याच दिशेने वाढताहेत.